खुलासा देणारी पिढी

घरातला म्हातारा माणूस फोनवर फसला की त्याच्याबद्दल दोन वाक्यं ठरलेली असतात. एक त्याच्यासमोर बोललं जातं : वय झालं, आता डोकं पूर्वीसारखं चालत नाही. दुसरं तो उठून आत गेल्यावर : लोभ नडला. दोन्ही वाक्यं बोलणाऱ्याच्या सोयीची आहेत. त्याचं स्वतःचं डोकं चालतं आणि तो लोभी नाही, तेव्हा त्याला धोका नाही, असं दोन्हींत गृहीत धरलेलं असतं. या प्रकरणात दोन्ही समजुती पुराव्याशी ताडून पाहायच्या आहेत. त्यांत तथ्य नाही असं नाही, पण ते अपुरं आहे. उरलेलं कारण नांदेड आणि लातूरसारख्या जिल्ह्यांकडे पाहिलं की जास्त स्पष्ट दिसतं. वृद्ध माणूस बहुधा आज्ञाधारकपणामुळे फसतो, आणि हा आज्ञाधारकपणा त्याला आपल्याच कचेऱ्यांनी आणि बँकांनी आयुष्यभर शिकवलेला असतो.

आधी वयाचं पाहू. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे फसवणुकीच्या तक्रारी वयानुसार नोंदल्या जातात. २०२३ मध्ये विशीतल्या तक्रारदारांपैकी ४४ टक्क्यांचे पैसे प्रत्यक्ष गेले होते. सत्तरीतल्या तक्रारदारांमध्ये हेच प्रमाण २५ टक्के होतं. रकमेकडे वळलं की मात्र चित्र उलटतं. नुकसानीचा मध्यक विशीतल्यांचा ४८० डॉलर, तर ऐंशी ओलांडलेल्यांचा १,४५० डॉलर. म्हणजे पोरं जास्त वेळा फसतात आणि थोडक्यात सुटतात. म्हातारे कमी वेळा फसतात, पण फसले की मोठ्या रकमेला. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातील मायकेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तोवरचं संशोधन तपासून हेच म्हटलं होतं, की म्हातारी माणसं इतरांपेक्षा जास्त प्रमाणात फसतात याला ठोस पुरावा नाही. यावर कोणी म्हणेल, म्हातारी माणसं लाजेने तक्रारच करत नाहीत. हा आक्षेप रास्त आहे. पण लाज काही फक्त वृद्धांनाच वाटत नाही; ऑनलाइन नोकरीच्या नावाखाली पैसे घालवलेला इंजिनिअरही बापाला सांगत नाही.

मेंदूबद्दलचं म्हणणंही खोटं नाही. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील शेली टेलर यांच्या गटाने तरुणांना आणि वृद्धांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. भरवशाचे वाटणारे चेहरे दोघांनीही ओळखले. पण ज्या चेहऱ्यांवर तरुणांनी संशय घेतला, ते वृद्धांना तुलनेने विश्वासू वाटले, आणि धोक्याची सूचना देणारा मेंदूचा एक भाग त्यांच्यात कमी जागा झाला. पैशाच्या व्यवहारातल्या चुका सर्वांत कमी होण्याचं वय साधारण ५३ च्या आसपास असतं, असं अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये कर्जांच्या आकडेवारीवरून दाखवलं. आणखी एका अभ्यासात असं दिसलं की साठीनंतर आर्थिक समज दरवर्षी थोडी उतरत जाते, पण आपल्याला कळतं हा आत्मविश्वास मात्र उतरत नाही. एवढं वाचून प्रश्न मिटला असं वाटेल. पण शिकागोच्या रश विद्यापीठाने केलेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मध्ये उभा राहतो. सरासरी ८५ वर्षं वयाच्या ६४४ लोकांना एका काल्पनिक सरकारी संस्थेच्या नावाने पत्र, ईमेल आणि फोन गेले. ६८.५ टक्के लोकांनी दादच दिली नाही. १६.४ टक्के कसलाही संशय न घेता बोलले. उरलेल्या १५.१ टक्क्यांनी शंका बोलून दाखवली, पण संभाषण तोडलं नाही. या तिसऱ्या गटाची बुद्धी आणि आर्थिक समज तिन्ही गटांत सर्वांत चांगली निघाली.

या तिसऱ्या गटापाशी थांबायला हवं. ज्यांना काहीतरी गडबड आहे हे कळतं, ज्यांची अक्कल शाबूत आहे, ते फोन ठेवून का देत नाहीत? समोर दुकानदार असता तर ठेवला असता. समोर सरकार होतं, किंवा तसं भासत होतं.

लोभाची समजूत इथेच लटपटते. मराठवाड्यात लोभाचे दाखले शोधायला लांब जावं लागत नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटने ठेवीदारांना १२ ते १४ टक्के व्याजाचं आमिष दाखवलं, असं अंमलबजावणी संचालनालयाचं म्हणणं आहे. तिचे प्रमुख २०२४ मध्ये अटकेत गेले आणि ठेवीदार आजही रांगेत आहेत. पण अशा संस्थेत पैसे ठेवणाऱ्या निवृत्त माणसाचा हिशोब घरी बसून तपासला, तर त्याला लोभ म्हणताना जीभ अडखळते. राष्ट्रीयीकृत बँकेचं व्याज औषधांना पुरत नाही, आणि पतसंस्थेची शाखा गल्लीत आहे. दररोज पिग्मी गोळा करायला येणारा मुलगा ओळखीचा, त्याचा बापही ओळखीचा. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांचे आकडे दिले, तेव्हा शेअर ट्रेडिंगच्या सापळ्यात १,४२० कोटी रुपये गेले होते आणि ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये १२० कोटी. लोभाच्या खात्यावर पैसा जास्त जातो, हे मान्य. पण तो लोभ सर्व वयांत सारखा वाटलेला आहे. म्हाताऱ्यांना खास गाठणारी चाल दुसरी आहे, आणि तिच्यात कमाईचं आमिष औषधालाही नसतं.

ती चाल म्हणजे हीच ‘डिजिटल अरेस्ट’, आता बहुतेकांना ऐकून ठाऊक असलेली. फोन येतो : तुमच्या नावाने गेलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधारवर काढलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला. मग व्हिडिओ कॉल, गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, शिक्क्याचं पत्र. कॅमेरा बंद करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही, चौकशी गोपनीय आहे. पैसे ‘तपासणीसाठी’ अमुक खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळतील. लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्याकडून ऑगस्ट २०२४ मध्ये असे सात कोटी रुपये काढले गेले. त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीसुद्धा भरवली होती. ते तेव्हा ८२ वर्षांचे, आणि हजारो माणसांचा कारभार पाहिलेले. सप्टेंबर २०२५ मध्ये हरियाणातल्या अंबाला इथल्या वृद्ध दांपत्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटी पाच लाखांना लुबाडलं गेलं. त्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली आणि १ डिसेंबरला देशभरातल्या अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका महिलेकडून तर दोन महिन्यांहून अधिक काळ थोडे थोडे करत वीस कोटींवर रक्कम गेली. यांतल्या कोणाला एक रुपयाही कमवायचा नव्हता. आपण गुन्हेगार नाही एवढंच त्यांना सिद्ध करायचं होतं.

आता हा फोन लातूरच्या एखाद्या वसाहतीत राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकाला किंवा नांदेडच्या सिंचन खात्यातल्या निवृत्त लिपिकाला येतो असं धरून चाला. दोन्ही जिल्ह्यांत मोठे कारखाने थोडे. घरात पक्की कमाई आली ती जिल्हा परिषद, महसूल, एसटी, सिंचन, वीज मंडळ, शाळा-कॉलेजं यांतून. तीस-पस्तीस वर्षं या माणसाने कारणे दाखवा नोटिसा पाहिल्या, मेमो घेतले, खुलासे लिहिले. खुलासा वेळेत गेला नाही तर मौन म्हणजे कबुली धरली जाते, हे त्याच्या अंगात मुरलेलं आहे. चौकशी चालू असताना बाहेर बोलायचं नसतं, हेही. आणि त्याची भीती निराधार नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधल्या नियम २७ नुसार, सेवाकाळातल्या गैरवर्तनासाठी निवृत्तीनंतरही पेन्शन रोखता येते. ठगाला हा नियम माहीत नसेल. पण ज्याच्याशी तो बोलतोय त्याला पक्का माहीत आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मानून ज्याने आयुष्य काढलं, त्याला ‘कोर्टात येऊ नका, फोनवरच मिटवू’ हे सांगणं सवलतीसारखं वाटतं. संभाषण न तोडणारे रशच्या प्रयोगातले ते हुशार पंधरा टक्के इथे ओळखू येतात. शंका घेऊनही उत्तर देत राहणं, हेच तर नोकरीने शिकवलेलं असतं.

फोनवर अटक कशी होईल, एवढं साधं कळू नये का, असा प्रश्न लगेच येतो. कायद्यात अशी अटक नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं. चौकशीला हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पण त्याआधीच्या पाच वर्षांत नागरिकाने काय पाहिलं होतं? कोरोनात न्यायालयं खरोखर व्हिडिओवर भरली. सातबारा मोबाईलवर आला, ई-पीक पाहणी मोबाईलवर आली, दंडाच्या पावत्या मेसेजने येऊ लागल्या. जे कालपर्यंत फक्त चावडीत किंवा कचेरीत होत होतं ते सगळं पडद्यावर गेलं. तेव्हा अटकच तेवढी पडद्यावर होत नाही, हे न सांगता कळावं अशी अपेक्षा करणं जरा जास्त आहे.

आणि ही शिकवणी केवळ नोकरदारांची नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावांचं दुसऱ्या जागी पुनर्वसन झालं. त्या वेळी ऐन तारुण्यात असलेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत, आणि घर मिळणं न मिळणं यादीत नाव कोणत्या रकान्यात आहे यावर ठरतं हे त्यांनी पाहिलेलं आहे. त्यानंतरचा काळही त्याच धाटणीचा. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार हवेत तर ई-केवायसी करा. निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार चालू राहायला हवेत तर आधार खात्याला जोडा. रेशन कार्डावर अंगठा द्या, नाहीतर नाव कटेल. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्या, नाहीतर पेन्शन थांबेल. पावसाने सोयाबीन गेलं तर पीकविम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवा, हेही २०२४ च्या खरिपापर्यंत होतं. हे सगळे खरे निरोप आहेत, आणि त्या प्रत्येकात मुदत आहे, धमकी आहे, कागद अपुरा असल्याची सूचना आहे. घाई करणारा फोन आला की समजा ठग आहे, असा सल्ला जनजागृतीच्या पत्रकांत छापतात. तो पाळणाऱ्या शेतकऱ्याचा विमा तेव्हा बुडाला असता. खरं सरकार आणि खोटं सरकार यांचा सूर सारखाच असेल, तर ऐकणाऱ्याने कानावर भरवसा ठेवून काय निवडायचं? पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एपीके फाईली चालतात त्या याच कारणाने. ठगांना नवं काही रचावं लागलं नाही. त्यांनी तयार नमुना उचलला.

या भागात भाषेचीही एक गोष्ट आहे. अनोळखी माणूस हिंदीत बोलतोय म्हणून सावध व्हावं, ही सूचना राज्याच्या इतर भागांत थोडी उपयोगी पडत असेल. नांदेडमध्ये बाजारात मराठीइतकीच दखनी हिंदी आणि तेलुगू कानावर पडते, आणि राष्ट्रीयीकृत बँकेतला अधिकारी कित्येकदा बिहारचा किंवा आंध्रचा असतो. तिथे हिंदी ही परक्याची भाषा नाही. ती साहेबाचीही भाषा आहे. हिंदीतला फोन त्यामुळे संशय जागा करण्याऐवजी अधिकार वाढवतो.

निराधारच्या दीड हजारांवर जगणाऱ्या बाईला व्हिडिओ कॉलवाला ठग विचारत नाही. तिची लूट वेगळ्या जागी होते : पैसे काढून देणाऱ्याच्या यंत्रावर. अंगठा लागला नाही, परत लावा, असं म्हणून दोनदा पैसे उचलायचे आणि हातात एकदाचे द्यायचे. तिला पावती वाचता येत नाही. आपला पिन दुसऱ्याला सांगू नका, हे तिला सांगणं म्हणजे तिला बँकच वापरू नका असं सांगण्यासारखं आहे, कारण तिचा प्रत्येक व्यवहार दुसऱ्याच्या हातानेच होतो. मुलं पुण्याला असलेल्या, स्मार्टफोन दुकानदाराकडून चालू करून घेणाऱ्या निवृत्त शिक्षकाचीही गत फार निराळी नाही. फरक एवढाच की त्याच्याकडे ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण आणि रजा रोखीकरणाची एकगठ्ठा रक्कम असते, आणि ती तरुणाच्या पगारासारखी हप्त्यांत गुंतलेली नसून मुदत ठेवीत मोकळी असते. वृद्धांचं नुकसान मोठं का असतं, याचं निम्मं उत्तर त्यांच्या मेंदूत शोधण्याऐवजी पासबुकात सापडेल.

इतकं मान्य केलं तर जनजागृतीवरचा आपला भार थोडा हलका करावा लागेल. २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले, असं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. पुढे फोन लावताना अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली सावधगिरीची सूचना ऐकू येऊ लागली. लोक तिला कंटाळले, आणि जून २०२५ मध्ये ती बंद झाली. माहिती निरुपयोगी असते असं नाही. १९३० हा सायबर तक्रारीचा क्रमांक पाठ असणं आणि पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात तो लावणं याने रक्कम मधल्या खात्यात अडवता येते. ओसवाल यांच्या सात कोटींपैकी पाच कोटींहून अधिक पोलिसांनी परत मिळवले. पण घाबरलेल्या माणसाला माहिती आठवत नाही, तो आज्ञा पाळतो. म्हणून अडथळा त्याच्या डोक्याबाहेर कुठेतरी असायला हवा.

तो कुठे ठेवता येईल हे चालीतच दिसतं. मोठी रक्कम मोबाईलवरून एका दमात जात नाही. मुदत ठेव मोडावी लागते, आरटीजीएसचा फॉर्म भरावा लागतो, आणि या वयाची बहुसंख्य माणसं त्यासाठी शाखेत येतात. काउंटरवरच्या माणसाला ती वर्षानुवर्षं ओळखीची असतात. ब्रिटनमध्ये २०१६ पासून अशा वेळी शाखेतले कर्मचारी थेट पोलिसांना बोलावू शकतात. ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या बँकांना अशा फसवणुकीची ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई द्यावी लागते, आणि भरपाई द्यायची म्हटल्यावर बँकेची नजर आपोआप तीक्ष्ण होते. सिंगापूरने २०२५ मध्ये कायदाच केला : फसणारा माणूस ऐकतच नसेल तर पोलीस त्याचे व्यवहार तीस दिवसांपर्यंत थांबवू शकतात. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली. पण ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला, तर त्या परिपत्रकानुसार कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच होतं. डिजिटल अरेस्टमध्ये सगळं ग्राहक स्वतःच करतो, सहीसुद्धा त्याचीच असते. बँकेला विचारायचं कारणच उरत नाही. बँकांनाही गाफीलपणा परवडत नाही, हे मात्र नांदेडला ठाऊक आहे. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या आयडीबीआयमधल्या खात्यातून सुमारे साडेचौदा कोटी रुपये चोरांनी परस्पर वळवले होते. त्या बँकेचं वय झालं होतं, असं तेव्हा कोणी म्हटलं नाही.

काउंटरवर अडवण्याला एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो मला बँकांच्या तक्रारींपेक्षा जास्त वजनाचा वाटतो. पैसे माणसाचे, तो सज्ञान आहे. सत्तरी ओलांडली म्हणून त्याच्या सहीवर शंका घेणं हा अपमान आहे. त्यातून पुढचा प्रश्न : अडवल्यावर बँक विचारणार कोणाला? पोराला? मराठवाड्यात म्हाताऱ्याची जमीन नावावर करून घेऊन त्याला वाऱ्यावर सोडणारे बहुतेक घरचेच असतात. परक्या ठगापासून वाचवताना घरातल्याच्या हाती किल्ली द्यायची, हे काही संरक्षण नव्हे.

अमेरिकेतल्या शेअर दलालांच्या नियमांत २०१८ पासून यावर एक मधली वाट आहे. ग्राहक आपल्या भरवशाच्या एका माणसाचं नाव देऊन ठेवतो. संशयास्पद व्यवहार दिसला तर दलाल त्या माणसाला फोन करू शकतो आणि पैसे काही दिवस रोखून धरू शकतो. त्या माणसाला मात्र खात्यावर कसलाही हक्क मिळत नाही, पैसे काढता येत नाहीत. नाव मुलाचंच हवं असं नाही. जुना सहकारी चालतो, भाची चालते, शेजारची शिक्षिका चालते, आणि निवडणारा शुद्धीत आणि निवांत असताना निवडतो. ‘कोणाला सांगू नका’ हे ठगाचं सगळ्यात मोठं हत्यार इथे बोथट होतं, कारण सांगण्याचं काम त्या माणसाला करावंच लागत नाही. आपल्या बँकांना यासाठी वेगळा दिवस शोधायची गरज नाही. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर शाखेत येतात, नाहीतर पोस्टमन यंत्र घेऊन त्यांच्या घरी जातो. अर्जावर एक ओळ वाढवायची आहे : मोठी रक्कम निघताना आम्ही कोणाला विचारावं? दुसऱ्या वर्षी ते नाव बदलायची मुभाही त्याच अर्जावर द्यायची.